आत्याबाई, खुर्चीचा हात निघतो हे मला ठाऊक होतं

प्रिय आत्याबाई,

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण हा शब्द तुम्ही माझ्या तोंडून ऐकला असतात तर लगेच म्हणाला असतात, “काय वं, आज काय सांडलं घरात, इतकी गोड बोलून राहिली?” असो. बावीस वर्षं तुमची धाकटी सून म्हणून राजपुऱ्याच्या या घरात काढली. दोन शब्द मोकळेपणानं लिहायची वेळ आली ती तुम्ही गेल्यावर.

आज का लिहितेय ते आधी सांगते. शाळेतून येऊन चहा ठेवला, तोवर जसोंडीहून मोठ्या भाऊजींचा फोन. तुमचे थोरले चिरंजीव! “वर्षा, रविवारी सिंधूमावशीला इच्छादेवीला नेतोय. तिचे गुडघे गेलेत, पण दर्शनाची फार इच्छा आहे. आईचीच खुर्ची वापरू. आईला नेलं तसंच उचलून नेऊ, टेन्शन नाही.”

तसंच! ऐकलंत ना? तुमच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला तुमच्यासारखंच नेणार आहेत. आणि मी काय म्हणाले असेन? “बरं,” म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वतःचा इतका संताप आला की चहा उतू गेला तरी जागची उठले नाही.

ती चाकांची खुर्ची मी आणली होती, आत्याबाई. ते तरी कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये. तुमचा डावा पाय ओढायला लागला तेव्हा भाऊजी म्हणाले, “खुर्चीत काय बघायचं असतं? मोठी बघून घ्या, ऐसपैस. आईला शोभली पाहिजे.” जशी काही तुमची वरात काढायची होती! मी टेप घेऊन तुमच्या पलंगापाशी बसले. तुमच्या कमरेचं माप घेतलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत घेतलं, आणि तुम्ही गुदगुल्या झाल्यासारख्या हसलात. “ब्लाऊज शिवते का वं या वयात?” मग मी न्हाणीच्या दाराचं माप घेतलं. तुम्हाला वाटलं, मास्तरणीला वेड लागलं.

वेड नव्हतं हो. बसायची जागा माणसापेक्षा फार रुंद असली की माणूस एका बाजूला कलतो. भाऊजींची ऐसपैस खुर्ची न्हाणीच्या दारात अडकली असती आणि तुम्हाला रोज अंगणात आंघोळ घालावी लागली असती. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा राहील अशीच मी निवडली. पायदान तुमच्या पायांना पुरेल इतकं खाली करून घेतलं. दुकानातच चार वेळा घडी घालून पाहिली, रिक्षात मागे बसेल की नाही म्हणून. दोन्ही ब्रेक लावून स्वतः बसले आणि यांना म्हटलं, ढकला आता. हे लाजून इकडेतिकडे बघत होते.

आणि हात निघणारी खुर्ची मी मुद्दाम घेतली. बाजूचं बटण दाबलं की हात वर उपसून निघायचा, मग तुम्हाला पलंगावरून सरकत सरकत खुर्चीत घेता यायचं. उचलाउचल नको, माझ्या कमरेचं मरण नको. दुकानदार भला माणूस. त्यानं निघताना दोनदा सांगितलं, “मॅडम, एक बात ध्यान में रखना. पेशंट बैठा हो तो हत्थे पकड के कभी मत उठाना. हाथ में निकल आएगा.” मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “हं.” घरी येऊन तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “मले कोण उचलतं!”

तुम्ही त्या खुर्चीला कमी छळलं नाही, आत्याबाई! पहिला आठवडा तिच्यावर ओली लुगडी वाळत घातलीत. पट्टा लावायला गेले की म्हणायच्या, “मी काय खुंट्याची गाय आहे?” उठताना पायदानावरच पाय देऊन उभ्या राहायच्या. खुर्ची पुढे कलंडेल, पायदान आधी वर करा, ब्रेक लावा, हे मी दिवसातून किती वेळा सांगितलं असेल! एकदा खरंच कलंडली आणि मी मधे पडले म्हणून वाचलात. तेव्हा तुम्ही मला शिव्या दिल्या, मी तुम्हाला दिल्या, आणि रात्रीपर्यंत दोघीही बोललो नाही. मला तो दिवस आवडतो. त्या दिवशी मी तोंड उघडलं होतं.

घरात तुमच्याशी भांडायला मला कधी भीती वाटली नाही. पण चार माणसं जमली की माझी जीभ कुठे जायची? तिथेच, जिथे तुम्ही ती ठेवायला शिकवली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहुण्यांसमोर मी मोठ्या भाऊजींना म्हटलं होतं, इंदूरची गाडी सातला नाही, साडेसहाला सुटते. बरोबर होते मी! तुम्ही मला स्वयंपाकघरात नेऊन दंडाला असा चिमटा काढलात की आठवडाभर काळानिळा होता. “माणसं बोलून राहिली की आपण मधे तोंड घालायचं नाही.” पाहुण्यांची गाडी चुकली. चुकू दे म्हणालात.

मी शाळेत साठ पोरांना एका आवाजात गप्प करते, आत्याबाई. घरी मात्र मीच गप्प.

मग भाऊजींच्या मुलाला मुलगा झाला. तुमचा नवस होता, पणतू झाला की स्वतः इच्छापुरच्या पायऱ्या चढून वर जाऊन इच्छादेवीची ओटी भरीन. मी म्हटलं, खालच्या पायरीला हात लावून नमस्कार करा, ओटी मी वर नेऊन भरते. देवी काय तुमच्या पायांचं हाजिरीबुक ठेवते? तुम्ही रुसलात. दोन वेळा जेवला नाहीत. जा म्हटलं मग.

इच्छापुरला पोचलो, तर भाऊजी आधीच जीप घेऊन आलेले. बरोबर मळ्यातली चार माणसं. रोज केळीचे घड खांद्यावर घेऊन ट्रक भरणारी, दंड बघावेत असे! मी यांना हळूच म्हटलं, आत्याबाईंना एखाद्याच्या पाठीवर घेऊ द्या, खुर्ची घडी करून मागून आणू. यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. यांच्या हातात नारळ होता, जणू नारळच कुणी पळवून नेणार होतं.

भाऊजी तेवढ्यात ओरडले, “पाठीवर कशाला? आई काय पोतं आहे? खुर्चीत बसून थाटात जाईल. पकडो रे!” आणि चौघांनी पकडलं. जे हाताला आलं ते पकडलं. मागे दोघांनी ढकलायच्या मुठी धरल्या, त्या ठीक. पुढच्या दोघांनी खुर्चीचे हात धरले.

आत्याबाई, मी पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर डाव्या बाजूच्या माणसाची बोटं बरोब्बर बटणाखाली गेली होती. मी म्हटलं, “भाऊजी, हातांना धरून...” एवढंच म्हटलं. भाऊजी हसले. “वर्षा, दिवसाला ट्रक भरतात ही माणसं. एक म्हातारी जड आहे का यांना?” सगळे हसले. मी पुढे बोलणारच होते. शपथ, बोलणार होते! तेवढ्यात तुम्ही खुर्चीतून माझा पदर ओढलात आणि ओठांवर बोट ठेवलंत. “तू थांब. माणसं करतील.”

मी थांबले.

नवव्या की दहाव्या पायरीवर हात निघाला. त्या माणसाच्या मुठीत नुसता हात, आणि तुम्ही डाव्या कुशीवर दगडावर. पट्टा लावलेला नव्हता. तोही मीच सांगितला नव्हता, कारण मला थांबायला सांगितलं होतं ना! त्या बिचाऱ्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही. तो हातातल्या त्या हाताकडेच बघत राहिला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारी दोन पायऱ्या खाली उभी होती, ओटीचं ताट धरून.

खुबा मोडला. ऑपरेशन झालं. मग सव्वा महिना तुम्ही पलंगावर होतात, पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला. लोक येत होते, सफरचंदं आणत होते आणि म्हणत होते, “देवीच्या पायरीवर पडायलाही भाग्य लागतं.” तुम्ही मान डोलवायच्या. अहो, तुम्हीसुद्धा! मला वाटायचं, त्या सफरचंदांची पिशवी उचलून फेकून द्यावी. मी तुमची चादर बदलत होते, पाठीला पावडर लावत होते. भाग्य किती लागतं ते मला विचारायचं होतं कुणीतरी.

एका दुपारी घरात दोघीच होतो. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, “तुले माहीत होतं ना, तो हात निघते म्हणून?”

मी हो म्हटलं.

“मग बोलली काहून नाही?”

बावीस वर्षं, आत्याबाई! बावीस वर्षं तोंड शिवायचं, आणि एक दिवस विचारायचं, बोलली का नाहीस? मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला की तुम्ही आजारी आहात हेही विसरायला झालं. चिमटा आठवला. पदर ओढलात ते आठवलं. सगळं तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही रडत होतात. मी म्हटलं, “झोपा आता.” दहा दिवसांनी तुम्ही गेलात.

तुम्हाला दोष देणं सोपं आहे. गेलेलं माणूस उलटून बोलत नाही. पण सगळा दोष तुमच्या पदरात टाकला तर मी खोटी पडेन. तुम्ही बोट ओठांवर ठेवलंत, माझ्या गळ्यावर नव्हतं ठेवलं. मी ताट खाली टाकून खुर्चीसमोर आडवी उभी राहिले असते तर काय झालं असतं? भाऊजी चिडले असते. तुम्ही महिनाभर टोमणे मारले असतेत. आणि आजही मारायला तुम्ही असतात. मी चारचौघांतला अपमान टाळला, आत्याबाई, बाकी काही नाही.

तेराव्याला भाऊजी भरल्या पंगतीत म्हणाले, “आईला देवीनंच बोलावलं. सोनं झालं तिचं.” बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी वाढत होते. वरणाचं भांडं हातात होतं. पुढच्या पानावर वरण वाढलं आणि पुढे गेले.

आता ऐका, भाऊजींनी काय केलंय ते. फोनवर मोठ्या कौतुकानं सांगत होते. तेराव्यानंतर मावशीला वापरायला म्हणून नेलेल्या खुर्चीचे दोन्ही हात वेल्डिंग मारून पक्के केलेत! “आता बाप आला तरी निघत नाही, वर्षा. कंपनीचाच फॉल्ट होता.” कंपनीचा! म्हणजे ती निघायची सोय होती हेच त्यांना अजून माहीत नाही. माहीत कसं असणार? आता सिंधूमावशीला पलंगावरून सरकवून घेता येणार नाही, रोज दोघांनी उचलावं लागेल. आणि रविवारी तेच चौघे पुन्हा त्याच हातांना धरणार, या वेळी तर बिनधास्त. ती पातळ नळी, तिच्यावर गावातल्या वेल्डरचा एक टाका, आणि मावशी तुमच्यापेक्षा जड.

मावशीला काय वाटतंय सांगू? तिला आनंद झालाय. मघाशी तिलाही फोन केला होता. “ताईच्या खुर्चीतून ताईच्या देवीला जाईन,” म्हणाली. नवी साडी काढून ठेवली आहे. मी तिला म्हटलं, मावशी, पाठीवर जा ना. ती म्हणाली, “मोठा करून राहिला ना सगळं, आपण कशाला मधे बोलायचं?” हुबेहूब तुमचा आवाज, आत्याबाई! दोघी बहिणींना एकाच आईनं शिकवलेलं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, “दादाला वाईट वाटेल. आईच्या मरणाचा विषय कशाला उकरते?” बरोबर आहे त्यांचं. खुर्चीला कुठे धरायचं एवढंच सांगून भागणार नाही. भाऊजी पुन्हा हसतील, केळीचे ट्रक सांगतील. त्यांचं हसणं थांबवायचं तर ती दुपार, ती नववी-दहावी पायरी, सगळं सांगावं लागेल. आणि ते सांगितलं की देवीनं बोलावल्याची गोष्ट मोडते. भाऊजींनी त्या गोष्टीवर स्वतःला सावरलंय, हे मला दिसतं. मीही दगड नाही.

तरीपण ऐका. मी तुम्हाला वचन देते. रविवारी मी इच्छापुरला जाणार आहे, सगळ्यांच्या आधी. जीप येईल, माणसं उतरतील, मावशीला खुर्चीत बसवतील, तेव्हा मी ब्रेक लावून खुर्चीसमोर उभी राहणार आहे. मावशी पाठीवरून जाईल, नाहीतर खालूनच हात जोडेल. आणि भाऊजींनी विचारलं की तू कोण सांगणारी, तर त्या चौघांसमोर, मावशीसमोर, यांच्यासमोर, मोठ्या आवाजात म्हणणार आहे: आत्याबाईंना देवीनं बोलावलं नाही. खुर्चीचा हात निघतो हे मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही, म्हणून त्या मेल्या.

तुमची धाकटी सून,
वर्षा