नलूमावशींच्या कपाळावरचं कुंकू

६ एप्रिल, सोम.
केतकीच्या पेजवर आज परत नवीन साड्या. धाकटी जाऊ माझी. माधवनगरला माझ्याच साड्यांच्या दुकानात बसून इथल्या भेरूगढच्या बाटिक छापाचं सगळं शिकली, आणि आता नानाखेड्याला घरबसल्या ऑनलाइन विकते. खाली बायका लिहितायत, ‘वाह दीदी, गज़ब’, ‘ये वाली चाहिए’. माझ्याकडे दुपारपर्यंत फक्त फॉल लावून घेणाऱ्या आल्या. जळते मी. लिहायला काय जातंय, इथे कोण वाचतंय.

७ एप्रिल, मंगळ.
यांना म्हटलं, एवढ्या मॉडेल आणते कुठून ही? हे म्हणाले, "मॉडेल कसल्या, एआय आहे. बाईचा फोटो टाका, साडीचा टाका, तो नेसवून देतो." डोकं खराब झालं. मी जन्मभर गिऱ्हाइकापुढे निऱ्या काढून दाखवल्या, आणि हिची साडी कोणी नेसतसुद्धा नाही. हे वर म्हणतात, "तू पण शिक ना." अडलंय माझं खेटर.

९ एप्रिल, गुरु.
चष्मा लावून नीट बघितलं. बायका आपल्याच. समोरच्या भटवहिनी, बँकेतल्या कुलकर्णीबाई, सगळ्या माझ्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या. फोटो केतकीनंच काढले होते, ‘वहिनी, आठवण म्हणून’. चेहरे त्यांचे, कंबर भलत्याच कोणाची.
एकेक करून माझा शोधला. नाही. मलाच तेवढं वगळलं. इतकी काय वाईट दिसते मी?
मग नलूमावशी दिसल्या. शाळेतल्या निवृत्त बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडे सगळ्यांनाच बोलावतो. त्या येतात, डाळ-पन्हं घेतात, कुंकू नको म्हणतात, मी अत्तर लावते. आणि या फोटोत कपाळावर हे एवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरवा चुडा. हसतायत. मशीनला काय माहीत.
पहिलं मनात आलं, सापडली केतकी. मावशींचं वाईट नंतर वाटलं.

१० एप्रिल, शुक्र.
केतकीला फोन. विचारलंस का कुणाला?
"वहिनी, आपल्याच तर आहेत सगळ्या. खुश होतील. आणि कुंकू मी थोडीच लावलं, ते आपोआप आलं."
माझा फोटो का नाही, हे विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं.
"तुम्ही रागावला असता ना."
म्हणजे विचारावं लागतं हे बाईसाहेबांना बरोब्बर ठाऊक होतं. जी बोलेल तिला सोडायचं, जी बोलणार नाही तिचा चेहरा उचलायचा. म्हटलं, मावशींचा आत्ता काढून टाक. "तीच साडी सगळ्यात जास्त चाललीये वहिनी, राहू द्या ना थोडे दिवस." फोन ठेवला.

१२ एप्रिल, रवि.
मावशींकडे गेले. वाटेत रिक्षात सगळं डोळ्यांपुढे आणलं. मावशी चिडणार, चार घरी सांगणार, केतकीचं दुकान बसणार. मजेत होते अगदी.
फोन पुढे धरला. मावशींनी बोटांनी फोटो मोठा करून स्वतःचं कपाळ बघितलं.
"हा तुझ्याकडचा ना गं, हळदीकुंकवाचा?"
हो म्हटलं. केतकीचं नाव, एआय, सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.
"तुझं घर म्हणून हसले मी. नाहीतर फोटो काढून घेते का कधी."
म्हटलं, पेजवरून काढून टाकायला लावते. तर म्हणाल्या, "ते बघू. तू माझ्यासाठी आलीस का तिची चुगली करायला?"
चहा घेतला, निघाले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ एप्रिल, सोम.
केतकीला सांगितलं, मावशींना कळलंय. मग दुपारी ती स्वतः त्यांच्याकडे जाऊन माफी मागून आली. फोटो काढला पेजवरून. बाकीच्या बायकांना विचारते म्हणाली, विचारेल तेव्हा खरं. मावशींनी म्हणे काढायच्या आधी तो फोटो आपल्या फोनवर मागून घेतला. कशाला, ते केतकीला विचारवलं नाही.
आणि तिला जेवायला थांबवलं. पोळ्या गरम गरम करून वाढल्या, हे तिनं मला दोनदा सांगितलं.
मी संध्याकाळपासून मावशींना फोन लावतेय. उचलत नाहीत.