बोल कुणावर

प्रिय राजेश्वरी,

‘चि. सौ. राजेश्वरी हिस अनेक आशीर्वाद’ असं लिहायला घेतलं होतं, पण तशी सुरुवात केली की पुढं खुशालीखेरीज काही लिहिताच येत नाही. म्हणून प्रिय. घरात तीन मोबाईल असताना सासूनं सुनेला पत्र लिहावं हे जरा नाटकीच आहे. पण फोनचं तुला ठाऊक आहे. इकडं अजिनाथ स्पीकर लावतो, तिकडं श्रीगोंद्याला तुझी आई लावते, आणि मग आपण दोघी बोलतोय की दोन घरांची ग्रामसभा भरली आहे, तेच कळत नाही.

इकडं सगळं ठीक. शनिवारी दर्शनाला रेटून गर्दी होती आणि निम्मी माणसं खोकत होती. तेलाच्या बाटल्या विकायच्या सोडून काढा विकावा, असं अजिनाथ म्हणाला. तो तोंडाला रुमाल बांधून दुकानात बसतो खरा, पण गिऱ्हाईक आलं की बोलायला रुमाल हनुवटीवर ओढतो. त्याच्या हुशारीचं काय सांगू, तुझ्याच पदरात बांधलाय तो. साथीचा आणि लसीचा विषय निघाला तर तुझे मोठे सासरे कानिफनाथदादा म्हणाले, “जितं दाराची गरज न्हाई तितं सुईची काय गरज? देव बसलाय की राखायला.” मी घोंगडीवर रुईच्या माळा ओवत होते. म्हटलं, दादा, दार नाही हे खरं, पण रात्री उंबऱ्यात फळी आडवी लावता ना? चोराला शनिदेवाचा धाक आहे, कुत्र्याला कुठला? दादा उठून गेले. सायंकाळपर्यंत मला त्याचं वाईट वाटत होतं, पण फारसं नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या शेजारच्या रेश्माला नगरला हलवलं, ऑक्सिजन लावलाय, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. तिलाही तुझ्यासारखा सातवाच महिना. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तुला फ्लूची लस लगेच घ्यायला सांगितली, तेही त्यांनीच सांगितलं. आणि मग म्हणाल्या, “तुमी सांगाल तसं, विहीणबाई. पोरगी तुमची, आमी नुस्तं बाळंतपणापुरतं सांभाळनार. उद्या काही झालं तर बोल आमच्यावर नको.” यावर मी काय म्हणावं? मी म्हटलं, छे छे, आता ती तुमच्या घरी आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तुझे वडील मागून म्हणाले, जावईबापूंना विचारा. जावईबापू म्हणाले, आई म्हणेल तसं. पंगतीत ‘आधी तुम्ही बसा, आधी तुम्ही’ चाललेलं असतं आणि वाढलेला भात गार होतो, तसं झालं. सगळे मानानं वागले. तुला मात्र कुणी विचारलं नाही. तू तिथंच होतीस, मला तुझ्या बांगड्या ऐकू येत होत्या.

तू कशाला भितेस ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी आपलं बाळ गेलं, त्याच आठवड्यात तू धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतंस. माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे तुझ्या मोठ्या आई, पडवीत बसून तुला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या, “सुईनंच घात केला.” डॉक्टरांनी समजावलं होतं की इंजेक्शनचा काही संबंध नाही, बाळाची वाढ त्याच्या आधीपासूनच थांबली होती. तू मान डोलावलीस. पण मान डोलावणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. त्यानंतर कितीतरी दिवस तू भाकरी थापता थापता मध्येच थांबायचीस आणि तवा नुसता तापत राहायचा. मी बघत होते. काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून पीठ मळून द्यायचे.

फोन झाल्यावर मी उपकेंद्रात एंजेला सिस्टरकडं गेले आणि तिला खोदखोदून विचारलं. ती म्हणाली, या लसीत जिवंत जंतू नसतो, पोटुशीला चालते, आणि बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने त्यालाही आईकडून आलेला आधार पुरतो. हात दुखतो, कुणाला कणकण येते, कुणाला क्वचित अंगावर पित्त उठतं, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात. काहीच होणार नाही अशी हमी देतेस का, म्हणून मी हटूनच बसले. तर म्हणते कशी, “मावशी, हमी तर मी जेवनाचीबी देत न्हाई. पन माझी सख्खी बहीन असती, तर तिला हाताला धरून नेली असती.” मला ते बोलणं आवडलं. मला शुगर आहे, त्यामुळं मलाही घ्यायला सांगितलीच होती आणि मी उद्या-उद्या करत होते. सोनईच्या दवाखान्यात जाऊन काल घेऊन आले. दंड ठणकतो आहे, अक्षर तिरकं दिसलं तर ते म्हातारपण नव्हे, एवढं लक्षात ठेव.

आता एक गोष्ट सांगते. तू लग्न होऊन आलीस तेव्हा विचारलं होतंस, मोठ्या आई तुमच्या हातचा चहा का घेत नाहीत? मी म्हटलं होतं, त्यांना गोड जास्त लागतं. ते खोटं होतं. अजिनाथच्या वडिलांचं कसं झालं हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल. कोरोनात लस आली तेव्हा ते टाळत होते. मी त्यांच्या मागं लागून, रुसून, एक दिवस जेवण न वाढता त्यांना रांगेत नेऊन उभं केलं. नंतर पंधरवड्यानं ते विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि तिथंच बसले, ते उठलेच नाहीत. छातीत दुखायचं त्याला ते कित्येक महिने ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पीत होते, ते नंतर त्यांच्या मित्रानं सांगितलं. नगरच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की हृदयाच्या शिरा जुन्याच तुंबलेल्या होत्या, लसीनं काही झालेलं नाही. पण दहाव्याच्या दिवशी घाटावर सगळ्यांसमोर मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “हिनंच नेलं हुतं टोचायला.” तेव्हापासून तो बोल माझ्यावर आहे. सुरुवातीला मी भेटेल त्याला शिरा आणि सोडा समजावत बसायचे. मग थकले. राजेश्वरी, मला त्यांची फार आठवण येते, आणि त्यांना नेलं याचा मला पश्चात्ताप नाही. दोन्ही खरं आहे. पण त्यानंतर घरात कुणाच्या अंगाला लागेल असं काही ठरवायची वेळ आली की माझी जीभच उचलत नाही. परवा फोनवर तुझ्या आईला जे गुळगुळीत उत्तर दिलं, ते मानाचं नव्हतं, भीतीचं होतं.

म्हणून हे पत्र. माझं मत विचारशील तर लस घे, उद्याच घे. पण तुझं मन घेत नसेल तर माझ्यासाठी घेऊ नकोस. डॉक्टरीणबाईंना पुन्हा हवं ते विचार आणि तू स्वतः ठरव. ठरवताना फक्त तुझा आणि बाळाचा विचार कर. लोक काय म्हणतील, आई काय म्हणेल, मोठ्या आई पडवीत बसून काय म्हणतील, हे सगळं माझ्याकडं सोड. लस घेतलीस आणि नंतर काही झालं, कशानंही झालं, तर सांग की सासूनं बजावलं होतं, माझं काही चाललं नाही. नाही घेतलीस आणि काही झालं, तरी सांग की सासूनं नको म्हटलं होतं. मी चारचौघांत दोन्ही वेळी होय म्हणेन. एक बोल अंगावर घेऊन मी इतकी वर्षं जेवते, दुकान चालवते, हसते, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. मला दुसरा जड होणार नाही, तुला मात्र पहिलाच फार जड होईल, तो तुझ्यावर येऊ द्यायचा नाही. फोनवर बोललेलं उद्या कुणी मानणार नाही, म्हणून लिहून अजिनाथच्या हाती पाठवते आहे, आणि खाली नुसतं ‘आई’ न लिहिता पूर्ण नाव लिहिते आहे, कुणी विचारलंच तर दाखवता यावं म्हणून.

तुझीच,
सत्यशीला बिभीषण शिरसाठ