सात नंबरचा उंदीर

इंदिरानगर, नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठींचे दोन फोटो काढतात. एक औषध टोचलं की गाठीतल्या पेशी अंधारात मंद उजळतात, तो उजेड एक कॅमेरा टिपतो. मग त्याच उंदराचा एमआरआय. दोन्ही एकावर एक ठेवले की गाठ कुठे आणि केवढी ते कळतं. तुम्ही जमीन मोजणीचे नकाशे जुळवायचात, तसंच.

सात नंबरच्या उंदरात उजेड दिसला, पण एमआरआयमध्ये तिथे काहीच नाही. एमआरआयलाही न दिसणारी बारीक गाठ सापडली म्हणून आमच्या प्रमुख छाया मॅडम हरखल्या आहेत. एकवीस तारखेला शास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत दाखवणार आहेत. पण काल मी तो उजेडाचा फोटो मोठा करून पाहिला. शेपटीवरची खूण आठ नंबरची आहे! एका मशीनवरून दुसऱ्यावर नेताना माझ्याच हातून ट्रेंची अदलाबदल झाली, बाबा. हे अजून कुणालाच माहीत नाही. सांगितलं तर नोकरी जाईल. काय करू? आईला कळू देऊ नका, ती जेवण सोडेल.

हे वाचूनही लोभ असू द्या.
तुमची,
स्नेहल


देवळा
८ फेब्रुवारी

चि. स्नेहल हिस अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं. ती जेवली, वर माझ्या ताटातली भाकरीही संपवली. म्हणते, पोरगी उंदरांत राहून बिळात लपायला शिकली.

आता कुणाला न सांगितलेलं सांगतो. कांदेवाला सहादू आठवतो ना? सत्त्याण्णव साली त्याच्या शेताची मोजणी मी केली. नकाशा काढताना कळलं, सुरुवातच हद्दीच्या चुकीच्या दगडापासून झाली होती. नोकरी नवी, तू आईच्या पोटात. गप्प बसलो. त्या बांधावरून सहादू आणि त्याचा भाऊ भांडले, ते आजतागायत बोलत नाहीत. बाजारात सहादू मला अजून साहेब म्हणून हात जोडतो आणि मी गल्ली बदलतो. लय लाज वाटते, पोरी.

सांगून टाक. नोकरी गेली तर घरी ये. कांदा काढायला माणसं मिळतच नाहीत.

आईचा जीव तुझ्यात आहे, माझाही समज.
तुझा बाबा,
धनराज


इंदिरानगर, नाशिक
१९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना सविनय जयभीम.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी सांगितलं. मॅडमनी तो उजेड आठ नंबरच्या एमआरआयवर ठेवला. तंतोतंत बसला. नवीन गाठ नव्हतीच, सभेचं भाषणही गेलं. मॅडम इतक्या चिडल्या की मला बाहेर जायला सांगितलं. तासभर बाकावर रडत बसले.

मग आत बोलावून त्यांनी उरलेल्या बावीस उंदरांचे फोटो पुढ्यात टाकले. एकेक शेपटी पुन्हा तपासून द्यायची, तोवर मशीनला हात लावायचा नाही, म्हणाल्या. नोकरी तूर्त वाचली.

आज तपासून संपलं. आणखी एक अदलाबदल सापडली, डिसेंबरातली. त्या दिवशी मी रजेवर होते. ट्रे मॅडमनी स्वतः उचलले होते.

उद्या दहा वाजता त्यांना सांगणार आहे. भीती तेवढीच वाटतेय, पण या वेळी तुमच्या उत्तरासाठी थांबत नाही.

तब्येतीला जपा, आणि माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
स्नेहल