लाटण्यांवरची गाडी

ता. ९, सोमवार, जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप ताईस,

नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला उतरला. भावोजींना प्लास्टर निघेपर्यंत जिना चढू देऊ नकोस. सकाळपासून तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तिन्हीदा खोकल्यापाशीच अडलो.

कारखान्यातली ती नवी लष्करी गाडी तू पाहिलेली नाहीस. तिला चाकं नाहीत. खाली दोन लांब पोकळ लाटणी, त्यांच्यावर स्क्रूसारखे आटे. लाटणी फिरली की दलदलीतून सरसर जाते, बघत राहावं. पण कडक जमीन लागली की पुढे जायचं सोडून आडवी घसरते. म्हणून चिखलापर्यंत ट्रॉलीवर घालून न्यायची. भावोजी म्हणायचे, "मेहुण्या, ही माझ्याहून मोठी जावई. खाली पाय म्हणून ठेवत नाही."

चाचणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काठ चढून वर येताना चालेल ना?" काठ मुरमाचा, कडक. तसल्या जमिनीवर ती दोन हात आडवी गेलेली मी पाहिली होती. पण साहेब घाईत, मलाही जेवायला जायचं होतं. "चालेल," म्हटलं. चहात साखर कमी पडली तरी आपण म्हणतो, तसं. त्यांनी तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'काठावर चालेल.' खाली तपासनीस म्हणून मी सही केली.

दुसऱ्या दिवशी गाडी चालवायला भावोजी होते. ते म्हणाले, "मी काठाच्या अलीकडे थांबतो." साहेबांनी तो कागद पुढे केला. सही पाहून भावोजी हसले आणि गाडीत चढले. मी दहा हातांवर उभा होतो, ताई. बोललो नाही. गाडी घसरली आणि उलटली.

चौकशीत चालकाची चूक ठरली. भावोजींनी माझं नाव काढलं नाही, तुझ्यापाशीही नाही. काल तू म्हणालीस, "यांचाच हात जड, म्हणून गाडी उलटली." ते भिंतीकडे बघत राहिले आणि मी चहा पिऊन उठलो. तोंडाने सांगायला जमलं नाही. गाडी उलटल्यापासून देवापुढे बसतो, पण हात जोडले जात नाहीत.

आज साहेबांना सगळं लिहून दिलं. म्हणाले, "आता कशाला उकरताय? त्यांना हलकं काम देऊ की." मी कागद परत घेतला नाही. माझं व्हायचं ते होईल.

उद्या अकराला कारकून तुमच्याकडे येईल. भावोजींनी चूक कबूल केल्याचा कागद आणेल. म्हणून हे पत्र शिपायाच्या हाती आजच पाठवतोय. भावोजी म्हणतील, जाऊ दे, घरातलाच माणूस आहे. त्यांना सही करू देऊ नकोस. आधी हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. मला दार उघडायचं की नाही, ते मग ठरव.

तुझा धाकटा