चादरीखालून जाणारी

प्रिय भिंगरी,

तू आणि मी, एका नाचणाऱ्या बाईच्या दोन न नाचणाऱ्या मुली, एकाच तक्रारीवर मोठ्या झालो: देश सुटला आणि आईचा नाच गेला. मी ती तक्रार व्यासपीठावर नेली. आमच्या परिचारिका संघटनेच्या सभांत, मोर्चात, जिथे माइक हाती आला तिथे मी आईचं उदाहरण दिलं. स्थलांतर बाईकडून काय काय हिसकावून घेतं हे सांगताना माझा आवाज चढायचा आणि टाळ्या पडायच्या. तू मात्र ती तक्रार स्वतःच्या अंगाला लावून घेतलीस. तुझ्या वाढदिवसाला मावशी भरल्या घरात बोलून गेली होती, "ही झाली आणि हिच्या आईचे पाय थांबले." तेव्हापासून तू आईकडे पाहुण्यासारखी येतेस. खुर्चीच्या कडेवर बसतेस, चहा निवायच्या आत उठतेस. मी विषय काढला की फोन ठेवून देतेस. म्हणून पत्र लिहिते आहे. हे तुला फाडता येईल, पण तू भोचक आहेस, आधी वाचशीलच.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, लायब्ररीत जायचंय, जिने आहेत, सोबत चल. वाचनकक्षातली टेबलं हलवून तिथे स्थलांतर आणि आधुनिक नृत्य असं प्रदर्शन मांडलं होतं. एक ग्रंथपाल बाई आम्हा दहा-बारा जणांना फिरवून दाखवत होत्या. काचेच्या कपाटात तळवे झिजलेल्या नाचाच्या चपला होत्या, एक पत्र्याची पेटी होती. घर सोडताना कोणाला काय नेता आलं, हे त्या फार चांगलं सांगत होत्या. मी मागे उभी राहून मनातल्या मनात भाषण जुळवत होते. शेवटी प्रश्न विचारायला सांगतील, तेव्हा उठायचं आणि विचारायचं की जे नेता आलं नाही त्याचं कपाट कुठे आहे. तुला माहीत आहे माझी सवय. आईलाही माहीत आहे. तिने काठीने माझ्या बुटाला टोचलं आणि पुटपुटली, आज ऐकायला आलोय.

मग जमिनीवर चिकटपट्टीने आखलेली एक खोली आली. नव्याने आलेल्या कुटुंबांच्या वसतिगृहात एवढीच खोली मिळायची. बाईंनी आम्हा सगळ्यांना त्या पट्टीच्या आत उभं केलं. खांद्याला खांदे लागले, कोणाची तरी छत्री माझ्या बरगडीत. मूळ खोलीचं छत ठेंगणं, खाली राहणारा माणूस पाय वाजले की छताला काठी ठोकायचा. अशा खोलीत तीन नर्तकींनी उडी नसलेला, आवाज नसलेला नाच बसवला होता, असं सांगून त्यांनी समोरच्या भिंतीवर एक मुकी फिल्म लावली.

पायात मोजे घातलेल्या तीन बाया. दोघींनी चादर ताणून धरलेली. तिसरी वाकून तिच्याखालून जाते, मधोमध गिरकी घेते, पलीकडे उठते आणि समोरचीच्या हातातली टोकं घेते. आता ती मोकळी झालेली खालून येते. मला पुढचं पाऊल आधीच कळत होतं गं. माझे हात आपोआप वर गेले, शेजारच्या गृहस्थांना कोपर लागलं. धुण्याच्या दिवशीचा आपला चादर-चादर. मोजे घाला, पाय वाजवू नका, खालून जा, फीर, टोक पकड. आपण ज्याला घरकाम समजून तोंड वाकडं करायचो, ते! आणि त्या फिल्ममध्ये उजव्या हाताला, केस घट्ट बांधलेली, माझ्याहून कितीतरी तरुण, आपली आई.

मी तिच्याकडे वळले. ती पडद्याकडे बघत म्हणाली, चादर मळकी होती त्या दिवशी, धुवायला हवी होती.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा जुळवलेलं भाषण तसंच टाकून मी आईला घेऊन बाहेर पडले. संघटनेत कोणाला सांगू नकोस.

वाचनकक्षाबाहेरच्या बाकावर मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस आम्हाला. म्हणाली, नाच म्हटलं असतं तर शाळेत बाईंना सांगितलं असतंत, बाईंनी स्टेजवर उभं केलं असतं, आणि मग तो माझा राहिला नसता. मग मी मावशीचं ते वाक्य काढलं. आईला ते ठाऊकच नव्हतं, भिंगरी. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. तू इतकी वर्षं ज्याच्या ओझ्याने खुर्चीच्या कडेवर बसलीस, ते तिच्या कानापर्यंत कधी गेलंच नव्हतं. तिने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "वसतिगृहातून त्या दोघी दोन दिशांना गेल्या, तिथे थांबला नाच. तू होतीस, पण दोघींत नुसती चादर धरता येते, खालून जायला कोणी नसतं. ही धाकटी चालायला लागली तेव्हा मी पुन्हा मोजे बाहेर काढले. हिच्यामुळे थांबला नाही, हिच्यामुळे सुरू झाला. भिंगरी नाव काय उगाच ठेवलं मी?"

शाळेत धावताना शेवटची येणाऱ्या मुलीला भिंगरी का म्हणतात, यावर आपण किती हसलो होतो. मी त्या बाकावर बसून आधी हसले आणि मग रडले. आई म्हणाली, रुमाल तुझ्याच पर्समध्ये असेल, माझा मागू नकोस. घरी परत येताना तिने जिन्यावर माझा हात धरला नाही. मला इतकं हलकं वाटत होतं की मीच कठडा धरून उतरले.

आता कामाचं. येत्या रविवारी प्रदर्शन संपतं. ग्रंथपाल बाईंनी आईला शेवटच्या दिवशी ते चादरीचं काम लोकांसमोर करून दाखवाल का असं विचारलंय. आईने नेहमीसारखी आधी नाही म्हणायची तयारी केली, मग म्हणाली, आता वय झालं, आता दाखवायला हरकत नाही. गुडघे वाकत नाहीत, म्हणून ती एका जागी उभी राहून आपली टोकं धरणार. समोरची टोकं मी धरीन. चादर तिने कालच धुऊन वाळत घातली. बाईंनी तिसरी म्हणून एक शिकलेली नर्तकी सुचवली होती. आईने नको म्हणून सांगितलं. तुला बोलवायची तिची हिंमत होत नाही, ती तुझ्या खुर्चीच्या कडेवर बसण्याचा अर्थ इतकी वर्षं तू तिच्यावर रागावली आहेस असाच लावत आली आहे. म्हणून मी लिहिते आहे. विचार करू नकोस, कारणं शोधू नकोस, मला फोन करून वाद घालू नकोस. रविवारी मोजे घालून ये आणि चादरीखालून जा.

तुझीच,
ताई