परग्रहवाल्यांच्या दातांविषयी आत्याला खुलासा

ती. आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना, ते तू कळवलंच नाहीस. आणि डाव्या गुडघ्याचं मलम तू उजव्यालाही, 'त्याला वाईट वाटायला नको' म्हणून, लावतेस असं काका सांगत होते, ते खरं का? (लावत असलीस तर लाव. माझा अधिकार हनुवटीच्या खाली चालत नाही.) इकडे सगळे खुशाल. सासूबाईंचं ऐकणं थोडं कमी झालंय, बोलणं आहे तेवढंच आहे. नवरा विमा कंपनीत आहे तिथेच आहे.

तुझं पत्र पोचलं. (फोन उचलत जा ग! फोनवर समोरचा माणूस मध्येच बोलतो म्हणून तो उचलायचाच नाही, हे मुख्याध्यापिकेला शोभत असेल, निवृत्त मुख्याध्यापिकेला नाही.) त्यातलं 'पृथ्वीवर संकट आलं असता तू शत्रूला सामील झालीस आणि त्यांचे दात दुरुस्त करून दिलेस असं ऐकते, हे खरं काय?' हे वाक्य वाचलं आणि माझ्या हातातला आरसा पेशंटच्या तोंडातच राहिला. तुला हे कोणी सांगितलं ते मी ओळखलंय. धाकट्या काकूने तो सिनेमा अर्धा पाहिला आणि अर्ध्यात ती झोपली. झोपलेला अर्धा भाग तिने तुला सांगितला. म्हणून आता मीच पहिल्यापासून सांगते.

सुरुवात झाली एका अक्कलदाढेपासून. गाल धरून एक दाढीवाला माणूस दवाखान्यात आला. दाढ आडवी, माणूस उभा राहायला तयार नाही. तो सिनेमाचा दिग्दर्शक निघाला. दाढ काढेपर्यंत तोंड उघडं ठेवावं लागतं, त्यामुळे हल्लीच्या सिनेमांविषयीची माझी सगळी मतं त्याला निमूट ऐकून घ्यावी लागली. मग बधिर ओठांनी त्याने आपली गोष्ट सांगितली. 'परग्रह' हा शब्द त्याच्या तोंडून 'फरग्रह' असा येत होता, त्यामुळे बराच वेळ मला ते फर्निचरचं दुकान वाटलं. गोष्ट अशी की दुसऱ्या ग्रहावरचे लोक पृथ्वीवर येतात ते माणसं खायला. पण ते अतिशय सभ्य असतात. दारावरची बेल वाजवतात, चपला (त्यांना पाय चार असल्यामुळे दोन जोड) बाहेर काढतात, 'आत्ता वेळ आहे ना?' असं विचारतात. आता दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? या भिडेपायी लोक त्यांना घरात घेतात, बसवतात, चहा विचारतात, आणि घरंच्या घरं संपतात. शेजाऱ्यांना सगळं कळत असतं, पण त्यांना वाटतं, आपल्याकडे आले नाहीत तर चारचौघांत बरं दिसणार नाही. मला गोष्ट पटली. सासूबाईंना तर फारच. "ह्यात नवीन काय?" त्या म्हणाल्या. "तुझी मामेसासू अशीच येते."

दिग्दर्शकाची अडचण दातांची होती. आधीच्या माणसाने मेणाचे दात करून दिले होते. ते दिव्यांच्या उष्णतेने वितळायचे, आणि ऐन घास घेताना तो भयंकर परग्रहवाला एखाद्या पेन्शनरासारखा बोळका दिसायचा. करून द्याल का, असं त्याने विचारलं. आत्या, मी जन्मभर लोकांचे खायचे दात करत आले. दाखवायचे दात करायची संधी पहिल्यांदाच दारात चालून आलेली. त्याने चूळ भरून टाकायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

मग आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी शेवाळी रंगाच्या हिरड्या घोटत बसायची. परग्रहवाल्याने खाल्लेला माणूस अपघातात मोडतो की नैसर्गिक मृत्यूत, यावर नवऱ्याच्या ऑफिसात दोन तट पडले (साहेबांच्या मते पाहुण्याला आपण होऊन घरात घेतलं म्हणजे तो निष्काळजीपणा). सगळ्यांत मोठे दात परग्रहवाल्यांच्या मुख्याचे. ज्या नटाच्या मापाने मी ते केले, त्याने तो रबरी सूट एकदा अंगात घालून पाहिला आणि तो त्याच संध्याकाळी आपल्या गावी निघून गेला. त्याच्या जागी एक उंच, हडकुळा माणूस आला. त्याला सगळे ताडमाड म्हणायचे. बरीच वर्षं नाटकांत मागे भालदार म्हणून उभा राहिलेला. बोलायचं काम हे पहिलंच, आणि तेही डोक्यावर रबर चढवून. दुसऱ्याच्या मापाचे दात त्याने आपल्या दातांवर दाबून बसवले आणि मी विचारलं तेव्हा "छान बसलेत" असं सांगितलं. मी आत पाहू म्हटलं तर "नंतर बघू, डॉक्टर." शूटिंगमध्ये तो असा काही कण्हायचा, मान अशी काही वाकडी करायचा, की सगळे थक्क. दिग्दर्शक म्हणायचा, याला म्हणतात अभिनय. मीही त्या अभिनयावर खूश होते. चांगली शिकलीसवरलेली बाई, कळायला नको?

एका सकाळी दार उघडणाऱ्या बाईचं काम करणारी नटी आली नाही. दात सांभाळायला मी तिथे होतेच, मग मलाच दारात उभं केलं. मला एवढंच करायचं होतं: दार उघडायचं, 'या ना' म्हणायचं, आणि तो जबडा वासून जवळ आला की किंचाळायचं. दार उघडलं, या म्हटलं. त्याने चेहऱ्याजवळ येऊन आ केला, आणि मला वास आला. आत्या, तो वास मी झोपेतही ओळखेन. दाढेच्या मुळाशी गळू झालेलं, आत हिरडी टरटरून सुजलेली. मी किंचाळायच्या ऐवजी म्हणाले, "थांबा. अजून मोठा आ करा."

शूटिंग थांबलं. (शूटिंग थांबवायचा हक्क फक्त दिग्दर्शकाचा असतो, असं मला नंतर तीन जणांनी वेगवेगळं बाजूला घेऊन सांगितलं.) ताडमाडाने हळूच मान हलवली. त्या शेवाळी दातांच्या मागून पुटपुटला, "डॉक्टर, पाया पडतो, बोलू नका. हा सूट कुणाच्याही अंगात बसतो. मला काढतील."

"कधीपासून दुखतंय?"

"काम मिळालं त्याच्या आधीपासून."

मी रबराच्या कडेतून बोटं घालून त्याच्या जबड्याखाली चाचपलं. सूज घशाकडे उतरायला लागली होती. ती तशीच उतरत गेली तर श्वासच अडतो, तिथे गंमत संपते. सूट काढायला गेलो तर पाठीवरची चेन अडकलेली, वरही जाईना, खालीही येईना. मग मी वाट पाहिली नाही. नवरा मला डबा द्यायला आला होता, त्याच्या छोट्या गाडीत ताडमाडाला पुढे कोंबला, त्याच्या डोक्यावरची शिंगं खिडकीतून बाहेर काढली, आणि निघालो. चौकात पोलिसाने अडवलं. वाकून आत बघितलं, नवऱ्याला विचारलं, पुढच्याने पट्टा लावलाय का? ताडमाडाने तीन बोटांच्या पंजाने पट्टा ओढून दाखवला. पोलिसाने जाऊ दिलं. नियमाने वागणाऱ्याला कुठेही त्रास होत नाही, हे तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं.

दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या (माझी मदतनीस रजेवर गेली की त्याच बसतात, आणि त्या दिवशी पेशंट वेळेवर येतात). त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "पहिल्यांदाच आलात का?" बाकावर एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "कुठूनही आलेले असोत, नंबर माझा आहे." तेवढ्यात ताडमाड भिंतीला टेकला आणि मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांतून पाणी ओघळायला लागलं. आजी उठल्या, त्याला हाताने धरून आत घेऊन आल्या आणि मलाच ओरडल्या, "बघत काय उभी राहिलीस? लेकराला दुखतंय."

खुर्चीत बसवला, पण मुखवटा निघाल्याशिवाय काही करता येईना. मी मोठी कात्री घेतली. तो दोन्ही पंजांनी डोकं घट्ट धरून बसला. म्हणाला, ते डोकं करायला कारागिरांना किती दिवस लागले, ते फाटलं तर सिनेमा बुडेल, आणि लोक म्हणतील ताडमाडामुळे बुडाला. मी कात्री धरून उभी, आणि खरं सांगते, माझाही हात थांबला. तेव्हा सासूबाई आत आल्या. त्याचा एक पंजा सोडवून त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "रबर पुन्हा मिळतं बाबा. काप ग तू." मी डाव्या गालावरून कानापर्यंत कापलं. आतून घामाने भिजलेला, घाबरलेला, तुझ्या शाळेतल्या कुठल्याही सरांसारखा दिसणारा एक माणूस निघाला. गळू फोडलं, दाढ काढली. सासूबाईंनी शेवटपर्यंत हात सोडला नाही आणि इतके दिवस अंगावर काढलं म्हणून त्याला झाडणंही सोडलं नाही.

दिग्दर्शक धावत आला तेव्हा फाटलेलं डोकं बेसिनमध्ये पडलेलं होतं. त्याने डोक्याकडे पाहिलं, मग माणसाकडे पाहिलं. आता हा काय बोलतो म्हणून मी कात्री हातातच ठेवली होती. पण स्वतःच्या अक्कलदाढेची आठवण ताजी असलेला माणूस तो. ताडमाडाजवळ जाऊन म्हणाला, "फार ठणकत होतं का रे?" ताडमाड तेव्हा कुठे मोकळेपणी रडला. गाल उतरेपर्यंत शूटिंग बंद राहील, आणि सूटमध्ये हाच माणूस राहील, हे मी दिग्दर्शकाकडून तिथल्या तिथे वदवून घेतलं. (त्याची दुसऱ्या बाजूची अक्कलदाढ माझ्याकडूनच काढून घ्यायची राहिली होती, त्यामुळे फार ताणून धरावं लागलं नाही.)

डोकं शिवलं, पण गालावरची शिवण लपेना. म्हणून वरून पट्टी बांधली, आणि पट्टी बांधली म्हणून गोष्टच बदलली. आता सिनेमात असं आहे की पृथ्वी निम्मी खाऊन झाल्यावर त्यांच्या मुख्याची दाढ दुखायला लागते आणि स्वारी थांबते. उरलेल्या माणसांत दातांची डॉक्टर एकच, म्हणजे मी. उपचार करावा की मानवजात वाचवावी? मी बराच वेळ खिडकीबाहेर बघते, आणि मग म्हणते, "बसा." तो बरा होतो, हात जोडून आभार मानतो, आणि नव्या दाढेने पहिला घास माझाच घेतो. थिएटरात लोक खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. फक्त नवरा उभा राहून "अरे, अरे!" करत राहिला, आणि सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. ताडमाड आता पुढच्या एका सिनेमात स्वतःच्या चेहऱ्याने पोस्टमनचं काम करणार आहे.

तेव्हा आत्या, मी शत्रूला सामील झाले हे साफ खोटं आहे. मला शत्रूने खाल्लं. सामील झालेल्याला कोणी खातं का? धाकट्या काकूला जागी असताना एकदा हे विचार.

काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
दातवाली

ता. क. हा सिनेमा तुमच्या गावच्या थिएटरात येतोय. बघायला जाऊ नकोस. फार गर्दी असते.

ता. क. २. गेलीसच तर पोस्टरकडे बघू नकोस. आणि त्या मुख्याने जबडा वासला की पाकिटात काहीतरी शोध.

ता. क. ३. आता सांगूनच टाकते. त्या दातांना ठेवण सापडत नव्हती. जो जबडा करावा तो वाघासारखा नाहीतर घोड्यासारखा व्हायचा. शेवटी मागे तू कवळीसाठी दिलेल्या मापाचा प्लास्टरचा साचा कपाटातून काढला आणि त्याचीच ठेवण मोठी करून त्या नटाच्या मापावर चढवली. दिग्दर्शक बघताक्षणी दोन पावलं मागे सरला. वर्तमानपत्रातही छापून आलंय की 'एवढा करारी जबडा पडद्यावर आजवर झाला नाही'. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

ता. क. ४. दुसरा भाग निघतोय. तुझा साचा सासूबाईंच्या हातून धूळ झटकताना फुटला. तेव्हा चार दिवस राहायलाच ये, पुन्हा माप घेऊ. तू हो म्हणालीस असं मी दिग्दर्शकाला सांगून बसलेय. रागावू नकोस ग. दात आपलेच, ओठही आपलेच.