बटणाने घर सोडलं

१० जाने. २०१७, मंगळवार
सकाळीच डोकं फिरलं. काल पाठवलेल्या चिकूच्या बावीस क्रेटवर उलटे स्टिकर. मोठ्या मालावर 'गोटी', म्हणजे बारीक मालाचा, आणि गोटीवर 'मोठा'. व्यापारी बिपिनभाईंचा वापीहून फोन. वाचता न येणाऱ्या बाईला मशीनवर बसवलंच कशाला, उद्यापासून माझा माणूस बसेल म्हणाले. मी फोन ठेवला.
बाई म्हणजे जानकी, रानशेतची. अकरा वर्षं माझ्या डहाणूच्या शेडमध्ये. क्रेट बघते, स्क्रीनवर बटण दाबते, स्टिकर निघतो. दोन सीझनमध्ये चूक नाही. आज कोपऱ्यात बसून होती. म्हणे, "बाय, मी जागेवरच दाबलं."

दुपारी
चूक सुनेची निघाली. प्रोग्राम रेश्मानेच केलेला. तो ज्या तयार सामानातून बांधलाय, बटणं-बिटणं, त्याची नवी आवृत्ती आली म्हणून रविवारी तिने ती घातली. जुन्यात बटणं खिळा ठोकल्यासारखी. नव्यात आपली आपण रांग लावतात, डावीकडून, मोठा आधी. आमच्याकडे मोठ्याचं क्रेट उजव्या हाताला, जड म्हणून. स्क्रीनही तशीच होती. आता उलटी. मीही बघितली होती, पण वाचून. जानकी वाचत नाही, तिला जागा पाठ.

११ जाने.
रे. म्हणते, क्रेटच उलटी मांडू, सवय होईल. मांडली. तासाभरात अर्धा माल भलत्या क्रेटमध्ये. बायका एकमेकींना हसतायत, जानकी सोडून.
मी म्हटलं, "बटण हलव. बायका नाही हलायच्या."
रे. फणफणली. आई, तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते. नसेल. चौथी शिकलेय मी. पण बटण हलतं एवढं कळतं, हललंय ना ते.
बिपिनभाईंना शुक्रवारपर्यंत थोपवलंय. तोवर नाही जमलं तर जानकी...

१२ जाने.
रे. दिवसभर मशीनला चिकटून. नव्यात घरं आखता येतात म्हणे, पटावर असतात तशी. प्रत्येक बटणाला आपलं घर. संध्याकाळी सगळी जागेवर. जानकीने दाबलं, लागेना.
का? तर नव्यात बटण अक्षरांएवढंच. 'गोटी' नखाएवढं. आणि जानकी बोटाने दाबतच नाही. बोटांना चिकूचा चीक, म्हणून कोपराने दाबते. दोन सीझन. रे.ला आज कळलं.
"शेडमध्ये बसली असतीस तर दिसलं असतं," म्हटलं. लागलं तिला. पण आली. उपड्या क्रेटवर बसून तासभर नुसतं बघत राहिली. मग आपणच म्हणाली, बटणाने अख्खं घर भरायचं असं सांगता येतं. मग सांग की बाई, वाट कसली बघतेस.
सांगितलं. हातभर बटणं झाली.

१३ जाने., शुक्रवार
बिपिनभाई आले, माणूस घेऊनच. तलासरीचा, बी.कॉम. "बेन, बघू तर." दोघांना तीस-तीस क्रेट दिली.
तो वाचतो, बोट पुसतो, दाबतो. जानकी स्क्रीनकडे बघतसुद्धा नाही. डोळे चिकूवर, कोपर बटणावर. तिची संपली तेव्हा तो एकोणिसाव्यावर. तिची चूक शून्य, त्याच्या दोन.
जानकी उठली, पदर खोचला. "भाऊ, चहा घ्या तुम्ही. उरलेली मी लावते."
शेड दणाणली. बिपिनभाईपण हसले. होळीपर्यंत हीच बसू दे, पुढचं पुढे बघू म्हणाले. रे.ला मी जवळ घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

१६ जाने., सोमवार
रे. म्हणते, दिवाळीच्या आत आणखी एक नवी आवृत्ती. काय हलेल सांगता येत नाही. मग लिही त्यांना, मी म्हटलं. बनवणारे परदेशात, तिने इंग्रजीत लिहिलं, मी सांगितलं तसं: आमची बाई जागेवरून दाबते, बटणं हलवायची तर आधी कळवा.
खाली नाव कोणाचं? जानकीचंच. ती आधी नको नको करत होती. मग म्हणाली, "गावपण टाक. रानशेत. नाहीतर त्यांना वाटेल डहाणूची."
टाकलं. पाठवलं. आता कोण वाचतंय बघू.